आजाऱ्याचा वाटा

६ ऑक्टोबर २०२४

भूपेंद्रभाऊ,

पहिल्या कागदावर 'पास्टर' लिहिलं होतं. तो फाडला. त्या रविवारी प्रार्थनाघराची चावी टेबलावर ठेवून तुम्हीच म्हणाला होतात, आजपासून मला कोणी पास्टर म्हणू नका. दुसऱ्या कागदावर 'भूपेंद्रजी' लिहिलं. ते बँकेच्या पत्रासारखं दिसलं. म्हणून हे.

बाबांच्या फुप्फुसात पाणी झालं आहे. साकोलीच्या डॉक्टरांनी दोनदा काढलं. परत गेलो तेव्हा म्हणाले, आता घरीच ठेवा, आवडतं ते खायला द्या. बाबांच्या समोरच म्हणाले. येताना ऑटोत बाबा म्हणाले, "आवडते ते म्हंजे का? मले तं समदंच आवडते."

खाट छपरीत टाकली आहे. तिथून तलाव दिसतो. बाबा दिवसभर पाण्याकडे बघतात आणि कोणाचा डोंगा कुठे आहे ते मला सांगतात. मी शाळेतून येते, वह्या तपासते, हो म्हणते.

हे पत्र मी माझ्या मनाने लिहीत नाही. बाबा रोज विचारतात, "पास्टरले सांगतलं का?" मी म्हणते, फोन केला, ते उचलत नाहीत. खरंच केला होता. मेसेजही केले. तुम्ही वाचलेत असं फोन सांगतो. तुम्ही काही सांगत नाही. बाबा म्हणाले, "फोन कटते. चिठ्ठी कटत नाई. लिही."

पत्ता टिकारामकडून घेतला. तो इथलं धान गाडीत भरून तुमसरला तुमच्या मिलवर आणतो. तुम्ही वजनकाट्यावर बसता, असं त्यानं सांगितलं.

"काय लिहू?" मी विचारलं.

"ये म्हन."

"आणि?"

"आनखी का? ये म्हन, बस."

लिहिलं. माझं काम झालं.

तुम्ही गेल्यावर प्रार्थनाघर बंद पडलं नाही. चावी गोमाजीकाकांकडे आहे. साकोलीहून अमर नावाचे तरुण पाळक एक रविवार आड येतात. चांगले आहेत. वेळेवर सुरू करतात, वेळेवर संपवतात. तुमच्या वेळी घरोघरचा भात करपायचा.

शालूवहिनींच्या कबरीवरचं गवत आम्ही काढतो. तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते.

नंदिनी


१७ नोव्हेंबर

भूपेंद्रभाऊ,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते, बाबा बघत होते. पोस्टमनची सायकल दिसली की ते उठून बसतात. उठून बसायला त्यांना दोन उशा आणि मी लागते.

आज लिहायचं कारण वेगळं आहे.

मंगळवारी तलावात आपल्या घरांचं जाळं पडलं. दिवाळीनंतरचं पहिलं. बाबा सकाळपासून मागे लागले, मले पाळेवर न्या. टिकारामच्या मोटारसायकलवर त्यांना मध्ये बसवलं, मागून मी धरलं. पाळेवर, बांधावरच्या चिंचेखाली पोतं अंथरलं. जाळं वर येईपर्यंत ते नुसते हात हलवत होते. जाळ्याची ओढ त्यांच्या हातात असल्यासारखी.

मासळी पसरली. गोमाजीकाका वाटे पाडायला बसले. रोहू आणि कतला मोजून, झिंगे मुठीनं. ओढणाऱ्या प्रत्येकाचा एक ढीग. मग बाबांचा, कारण आजाऱ्याचा वाटा पडतो. पाण्यात पाय न घालता पडतो. हे तुम्हाला सांगायला नको. तुम्हीच एकदा उपदेशात म्हणाला होतात की देवाच्या राज्याचं मला एवढंच समजलं आहे, ते आपल्या पाळेवर समजलं.

बाबा म्हणाले, "आनखी एक पाड."

"कोनाचा?"

"पास्टरचा."

सगळ्यांचे हात थांबले. तुम्ही होतात तेव्हा तुमचा ढीग पडायचा, ते कोणी विसरलेलं नाही. गोमाजीकाका हातातला मासा तसाच धरून म्हणाले, "भैयालाल, तो गेला. गेलेल्याचा वाटा नसते. हे तुले मी सांगू का आता?"

"गेला कुठं? तुमसरले हाय."

"तुमसरले गेला का रायपूरले गेला, गेला ना! अन् गुपचूप नाई गेला. तोंडावर सांगून गेला का वर ऐकनारा कोनी नाई म्हून. गावातले पोट्टे मले अजून इचारतेत, काका, तुमचा देव रिटायर झाला का?"

कोणीतरी हसलं. बाबाही हसले आणि ते हसू खोकल्यात गेलं. खोकला थांबायला फार वेळ लागला. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मासे ढिगात उडत होते.

मग बाबा म्हणाले, "गोमा, तुह्या पायावर कुऱ्हाड पडली तवा तू किती दिवस घरी होता?"

"होतो पावसाळाभर."

"वाटा पडला का नाई?"

"पडला. पन मी बिमार होतो, बाप्पा."

"मंग तो का हाय?"

गोमाजीकाकांनी आपल्या पायाकडे बघितलं.

"गेलेल्याचा नसते, कबूल," बाबा म्हणाले. "बिमाराचा असते. पाड."

काकांनी लहान रोहू ठेवला. थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं. तो उचलला आणि मोठा ठेवला. मग चिडल्यासारखे झिंग्यांच्या दोन मुठी टाकून म्हणाले, "घे. अन् काटे काढून बी पाठव त्याले."

मला हे आवडलं नाही. बाबांच्या समोर बोलले नाही, म्हणून इथे लिहिते. तुम्ही आजारी नाही. आजारी माणूस आपला आजार निवडत नाही.

तरी मासळी मीच साफ केली. मीठ-हळद लावून वाळवली. टिकाराम घेऊन येईल. डबा आईचा आहे. झाकणावर तिचं नाव कोरलेलं आहे, धुरपता. परत पाठवा.

नंदिनी


८ डिसेंबर

भूपेंद्रभाऊ,

डबा आला. रिकामा आला नाही. तुम्ही त्यात तांदूळ भरला होता. मी चिठ्ठी शोधली. तळापर्यंत हात घालून शोधली. नव्हती.

बाबांनी मूठभर तांदूळ नाकाशी धरला. "नवा हाय," म्हणाले. मग माझ्याकडे खालून वर बघत, "पाह्य, जित्ता हाय तो."

टिकारामला विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, "म्हननार का? डबा घेतला. झाकन पाह्यलं. मंग आत गेला तो येईचना. मी दोन चहा पेलो. आला तं डोळे लाल. म्हने, कोंडा गेला डोळ्यात." टिकाराम पुढे म्हणाला, "मिलमधी कोंडा तं असतेच, म्याडम." त्याला माझ्याकडून काही ऐकायचं होतं. मी ऐकवलं नाही.

मागच्या रविवारी सभेनंतर सत्यवतीकाकू उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, "ज्यानं आमाले पान्यात बुडवलं त्याचाच इस्वास गेला. तं मंग आमचा बाप्तिस्मा राह्यला का गेला?" अमर गोंधळला. त्यानं मान खाली घालून विचार केला आणि म्हणाला, ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी नाताळानंतर साकोलीला यावं, पुन्हा घेता येईल. काही हात वर झाले. काकूंचा अर्धा झाला.

अमर नंतर घरी आला, बाबांना प्रभुभोजन द्यायला. मी ही गोष्ट काढायला नको होती. काढली.

बाबा अमरला म्हणाले, "तुले मालूम हाय का, आमच्या पास्टरले पोहता नव्हतं येत?"

"नाही, काकाजी."

"कमरेइतल्या पान्यात कापे पोट्टा. माह्या हाताले धरून उतरला. मी म्हनलो, पास्टर, अठी गाळ हाय, पाय फाकवून उभे राहा. मंग त्यानं मले बुडवलं, अन् त्याचाच तोल गेला. मी पान्याखालून त्याची कंबर धरली. नाई तं त्या दिवशी देवाच्या घरी तो पह्यले पोचला असता."

अमर हसला. मग हसू आवरून म्हणाला, "पण काकाजी, प्रश्न पाण्याचा नाही. विश्वासाचा आहे."

"कोनाच्या? मी तं प्रभूले धरून उतरलो होतो. पास्टरले धरलो ते त्याले पोहता येत नव्हतं म्हून."

अमरनं प्याला आवरला. निघताना चपला घालत मला म्हणाला, "ताई, ते परत आले तर मंडळीसमोर उभं राहून बोलावं लागेल. त्याशिवाय मला त्यांना प्रभुभोजनाची भाकर देता येणार नाही. नियम मी केला नाही." बाबांचे कान चांगले आहेत. आतून म्हणाले, "चांगला पोट्टा हायेस तू. पन तुले अजून कोनी सोडून नाई गेलं."

आता माझं लिहिते.

शालूवहिनी गेल्या आणि तुम्ही म्हणालात की ऐकणारं कोणी नाही, त्याचा मला राग आला नाही. त्यांच्यासाठी आम्ही सगळ्यांनी उपास धरले होते. मीही त्यानंतर बरेच दिवस वर बघून बोलले नाही. तेवढं मला समजतं.

पण पुढच्याच महिन्यात आई गेली. आई तुम्हाला म्हणायची, "मले मातीत तुमीच टाका, भाऊ. दुसऱ्याचं वाचन मले समजत नाई." तुम्ही हसून हो म्हणायचात. मी निरोप पाठवला होता. तुम्ही आला नाहीत. शेवटी पुस्तक मी हातात घेतलं आणि मी वाचलं. वाचताना मी ओळ चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. लोक उभे होते. नंतर टिकारामनं सांगितलं, त्या दुपारी तुम्ही साकोलीच्या बसस्टँडवर होतात. म्हणजे दूर नव्हतात.

संध्याकाळी मी आणि बाबा प्रभूची प्रार्थना म्हणतो. त्यात क्षमेची ओळ येते. बाबा ती मोठ्यानं म्हणतात. मी नुसते ओठ हलवते. त्यांचे डोळे मिटलेले असतात, तरी त्या ओळीला ते माझा हात जरा दाबतात. मग पुढची ओळ आम्ही दोघं म्हणतो.

बाबा म्हणतात, ये म्हन. मी दर वेळी लिहिते.

नंदिनी


११ जानेवारी २०२५

भूपेंद्रभाऊ,

नाताळ झाला. प्रार्थनाघरावर चांदणी लावली. मुलं गाणी म्हणत घरोघर फिरली, आमच्याकडे दोनदा आली, कारण बाबांनी पहिल्या खेपेला अर्धी गाणी झोपेत घालवली. सत्यवतीकाकूंनी करंज्या दिल्या. बाबांनी एक खाल्ली आणि एक बाजूला ठेवायला सांगितली. कोणासाठी ते मी विचारलं नाही. चार दिवसांनी मुंग्या लागल्या तेव्हा टाकली.

तुम्ही नाताळला कुठे होतात? मिलला सुट्टी असते का?

बाबा आता कमी बोलतात. डोंगे मोजत नाहीत. एक वाक्य झालं की थांबतात, दम घेतात, मग पुढचं विसरतात. तुमचं नाव विसरत नाहीत.

काल शाळेत मुलांना धडा वाचून दाखवताना मी सुरुवातीला खाकरले. मुलं हसली. मग माझ्या लक्षात आलं, हे तुमचं आहे. वाचायच्या आधी तुम्ही एकदा खाकरायचात, पान सपाट करायचात आणि आमच्यापैकी कोण आलं नाही ते बघायचात. न आलेल्याचं नाव घेऊन मग वाचायचात. मला मोठ्यानं वाचायला तुम्हीच शिकवलंत. शेवटचा शब्द गिळू नको, म्हणायचात. तो मी आजही गिळत नाही.

माझा बाप्तिस्मा बाबांच्याच दिवशी झाला. पाण्याबाहेर आले तेव्हा पहिल्यांदा दिसलं ते तुमचं तोंड. फार घाबरलेलं. मला वाटलं होतं, काहीतरी तेजस्वी दिसेल. तुमचे केस कपाळाला चिकटले होते आणि तुम्ही विचारत होता, "बेटा, नाकात पाणी गेलं का?" इतक्या वर्षांत प्रभूचा विचार करताना मला तोच आवाज ऐकू येतो. तुम्हाला आता तो ऐकू येत नाही, हे मला कळतं. मला येतो. त्याला मी काय करू?

हे लिहायचं नव्हतं. असू दे.

एक सुचवते. तुम्हाला आमच्यापैकी कोणाला तोंड दाखवायचं नसेल तर बुधवारी या. उन्हाळी धानाच्या कामाला सगळे वावरात असतात. गोमाजीकाका संध्याकाळशिवाय परतत नाहीत. सत्यवतीकाकू दुपारी झोपतात. नाही झोपल्या तरी तुम्ही त्यांच्याकडे न बघता चालत या. मी शाळेत असेन. दार लोटलेलं असतं, कडी नसते. मला भेटलं पाहिजे असं काही नाही. बाबांजवळ बसा आणि जा.

पत्र टिकारामच्या हाती देते. पोस्टाला वेळ लागेल.

नंदिनी


१५ जानेवारी, बुधवार

भूपेंद्रभाऊ,

तुम्ही आलात.

सकाळी मी नवी साडी नेसले. मुख्याध्यापक म्हणाले, काय म्याडम, आज तपासणी आहे का? मी म्हटलं, असू शकते. दुपारच्या सुट्टीत मुलं जेवत होती. शाळेच्या फाटकातून आमचं छप्पर दिसतं. चालत गेलं तर भात निवायच्या आत पोचता येतं. मी फाटकापर्यंत गेले. तुम्हाला शब्द दिला होता. वर्गात परत आले आणि मुलांना पाढे म्हणायला लावले.

घरी आले तेव्हा छपरीत साबणाचा वास होता. बाबांची दाढी केलेली होती. महिनाभर त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता, न्हाव्यालाही नाही. गाल इतके आत गेले आहेत ते मला आजच दिसलं. हनुवटीवर कापसाचा बोळा चिकटवलेला होता.

"आला होता," बाबा म्हणाले.

"दिसतं."

"दोनदा कापलं त्यानं मले. पानी बी जमत नाई, वस्तरा बी जमत नाई. कसा पास्टर झाला देवच जाने."

मी खाटेवर बसले. बाबांनी थांबत थांबत सांगितलं. तुम्ही आधी उंबऱ्याशीच उभे होतात. मग म्हणालात, काकाजी, मला प्रार्थना करता येत नाही आता.

"मी म्हनलो, तुले कोन सांगतलं करायले? बस."

"मग?"

"मंग बसला."

"काय बोलले?"

"जास्त नाई. शालूबाईचं बोलला. लय बोलला. मंग गप झाला. मंग दाढी केली."

"माफी मागितली?" मी विचारलं. माझा आवाज मला आवडला नाही.

बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "कायले मांगंल? मी पह्यलेच देल्ली होती. त्यानं मांगाची वाट पाहत बसलो असतो तं आतापावतर मीच गेलो असतो."

आणि नंतर, मी पाणी आणायला उठले तेव्हा: "धुरपताच्या मातीच्या दिवशी तो पुलापावतर आला होता. साकोलीहून पायी. पुलावरच बसून राह्यला. म्हने, काकाजी, तोंड उघडून पाह्यलं, आत एक शब्द नव्हता. मोकळ्या तोंडानं बाईपुढं कसा येऊ?"

मी स्वयंपाकघरात गेले. तिथे उभी राहिले. पुलावरून आमचं कबरस्तान दिसतं. म्हणजे तुम्ही आम्हाला बघत होतात. मी ओळ चुकले तेव्हाही.

मला हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. मी चुकीच्या माणसावर रागावले होते असं नाही म्हणत. राग होता तो बरोबर होता. पण मला वाटत होतं, तुम्ही पाठ फिरवून गेलात. पुलावर बसलेला माणूस वेगळा असतो.

आणखी एक. रविवारी अमरनं बाबांना भाकर दिली तेव्हा बाबांनी दुसऱ्यांदा हात पुढे केला. अमर म्हणाला, काकाजी, एकच असते. बाबा म्हणाले, "मी बिमार हाय, मले दोन लागतेत." अमरनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दुसरा तुकडा दिला आणि लगेच पाठमोरा होऊन प्याला पुसायला लागला. बराच वेळ पुसला. बाबांनी तो तुकडा रुमालात बांधून उशीखाली ठेवला होता.

आज उशी झटकली. रुमाल होता, भाकर नव्हती.

"बाबा, कोणी खाल्ली?"

"तो बिमार, मी बिमार. तू कायले चौकशी करते?"

त्यांनी सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

संध्याकाळी प्रार्थना म्हटली. त्या ओळीपाशी बाबांनी माझा हात दाबला. मी मोठ्यानं म्हटली. सहज आली असं नाही. बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, जसं एखादं मूल पहिल्यांदा न धरता उभं राहिलं की बघतात.

पुढच्या वेळी बुधवार बघू नका.

नंदिनी


३ फेब्रुवारी, सकाळ

भूपेंद्रभाऊ,

बाबा गेले. उजाडता उजाडता. त्रास झाला नाही. तलावाकडे तोंड करून दे म्हणाले, मी कूस बदलून दिली, एवढंच.

हे पत्र टिकाराम हातात देईल. तो रिकामी गाडी घेऊन निघतो आहे, फक्त तुम्हाला आणायला. फोनवर मला हे सांगता आलं नसतं, आणि तुम्हाला फोनवर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

माती आज दुपारनंतर. अमर साकोलीहून निघाला आहे. वाचायचं ते तो वाचेल. गाणं सत्यवतीकाकू उचलतील, नेहमीसारखं कोणाला झेपणार नाही इतक्या वर. तुम्हाला काही म्हणायचं नाही. अमरनं मला आपणहून सांगितलं की मंडळीपुढे बोलण्याचा विषय आज कोणी काढणार नाही, तोही नाही. पुढचं पुढे.

पण एक काम आहे. आपल्या मंडळीत पेटी नसते, चादरीत गुंडाळून देतो. खाली घ्यायला घरचा माणूस खड्ड्यात उतरतो. परका चालत नाही. मला भाऊ नाही. मघाशी गोमाजीकाकांनी अंगणात सगळ्यांच्या समोर विचारलं, "उतरते कोन?"

मी तुमचं नाव घेतलं.

सत्यवतीकाकू तोंडावर पदर घेऊन म्हणाल्या, "तो येईन का पन, बाई?" गोमाजीकाकांनी कुदळ खांद्यावर टाकली. दोन पावलं गेले आणि वळून खणणाऱ्या पोरांवर ओरडले, "ए, खड्डा जरा रुंद घ्या बे! वजनकाट्यावर बसून बसून फुगला म्हनते तो." आणि मग तिथेच, कुदळ तशीच खांद्यावर, रडायला लागले.

ऊन उतरेपर्यंत आम्ही थांबू. त्यानंतरही थांबू.

उतरणाऱ्याला शब्द लागत नाहीत. वरून देतात ते दोन्ही हातांवर घ्यायचं, नीट निजवायचं, चादर सारखी करायची. मग वर यायचं असतं. इथली माती भुसभुशीत आहे, कडा ढासळतात, एकट्याला चढता येत नाही. वरून कोणाला तरी वाकून हात द्यावा लागतो.

तो मी देईन.

नंदिनी